चाळीस मायक्रॉन

वाळूजला समुद्र नाही.
आठवड्यातून एकदा नळ, मधल्या दिवशी टँकर,
एवढंच पाणी ओळखीचं.
तरी आमच्या शेडमध्ये सकाळी सातपासून
जहाजांचं काम चालतं.

जाळ्या पोलादी, हाताला मात्र रेशमासारख्या.
उजेडासमोर धरली तर नुसती धूसर,
छिद्र दिसतं ते भिंगाखाली.
पहिल्या दिवशी गंगणेसाहेब म्हणाले,
तुझ्या एका केसाची उभी फाक केली ना, सुगला, तेवढं.

जहाज रिकामं झालं की त्याचा तोल जातो,
म्हणून ते त्या बंदराचं पाणी पोटात भरून घेतं
आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, माल चढताना,
ओकून टाकतं.
पाण्याबरोबर अंडी, शेवाळ, डोळ्यांना न दिसणारी खेकड्यांची पिलं
परक्या किनाऱ्यावर उतरतात
आणि तिथल्यांचा घास खातात.
मुद्दाम कोणी करत नाही.
पाणीच तर असतं.

शाहेदा आपाला हे दोनदा सांगावं लागलं.
मला नाही.
आमच्या गावच्या बारवेत, औशाकडं,
लोक पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहायचे
आणि तिथंच घागर बुडवायचे.
पाणी इतकं नितळ, तळाचे चिरे मोजावेत.
वर्षानं अण्णांच्या नडगीला फोड आला,
फोडातून दोरा,
आणि दोरा जिवंत.
आगपेटीच्या काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर.
ओढला तर तुटतो, तुटला तर पाय सडतो.
वीस-बावीस दिवस अण्णा उंबऱ्यात बसून
स्वतःच्या पायातून नारू काढत होते,
कोणी बोललं तर हात हलेल म्हणून
आम्ही कुजबुजायचो.

मग सायकलवरून आरोग्यखात्याचा माणूस आला,
घरटी एक फडकं देऊन गेला.
घागरीच्या तोंडाला बांधा, म्हणाला,
आणि पायावर फोड असलेल्याला बारवेत उतरू देऊ नका.
गोळी नाही, सुई नाही.
फडकं.

गेल्या मंगळवारी एकशे सतराव्या जाळीत
एक तार सरकलेली दिसली.
केसाच्या फाकेचा अख्खा केस झालेला, तेवढंच.
ट्रक गेटवर, ड्रायव्हर हॉर्न वाजवायलेला.
एका भोकानं समुद्र बुडणाराय का, साहेब म्हणाले,
आणि तिथं बघायला कोण बसलंय?
आमच्या बारवेत तरी कितीजण उतरले असतील
तसला पाय घेऊन?
हे मी बोलले नाही.
लाल चिठ्ठी लावली, सही केली.
साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी भिंगाची काच नवी आली.

कुठल्याशा जहाजावरून जुनी जाळी दुरुस्तीला येते,
कडेला पांढरी खरपुडी धरलेली.
आपा म्हणाली, चाटून बघ गं.
समुद्र खारट असतो
हे मला पन्नाशीला आलेली असताना
वाळूजमध्ये कळलं.
जाळीला चिकटून एक शिंपला होता,
खसखशीच्या दाण्याएवढा, दोन्ही पाकळ्या मिटलेल्या.
दार सापडलं नाही बिचाऱ्याला.
नखानं सोडवून
मी तो रिकाम्या आगपेटीत ठेवला.

साहेब कधी मोबाइल पुढे करतात:
निळ्यावर एक ठिपका.
ह्यात आपली जाळी बसलीय, बघ.
ठिपका हलत नाही.
चहा संपेपर्यंत बघत राहिलं
तर कदाचित हलतो.

संध्याकाळी टँकर येतो.
पिंपाच्या तोंडाला मी दुपदरी फडकं बांधते.
पोरगा हसतो, आई, नारू कधीचा गेला की.
गेला ना, म्हणते मी,
आणि गाठ आवळते.